तीन कार्डं, ४ लाख ८० हजार, घरी आई अंथरुणावर – सल्ला हवा आहे

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, त्यामुळे काहींना आयडी ओळखीचा वाटेल. आजचा विषय लिहायला संकोच वाटतोय, पण आकडे स्पष्टच देते. आकडे दिले नाहीत की सल्लेही मोघम येतात.

वय ४६, एकटी. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. हातात ५४ हजार येतात. आई ७६ वर्षांची. गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं. बाबा एसटीत कंडक्टर होते. ते गेल्यावर आईला ईपीएस-९५ चं (कर्मचारी पेन्शन योजनेचं) पेन्शन सुरू झालं, ते १,९०० रुपये. वर्षाचं नव्हे, महिन्याचंच, पण आकडा बघून सगळे हेच विचारतात.

कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील नाहीत. हॉस्पिटलने दाखल करून घेतानाच डिपॉझिट मागितलं, ते पहिल्या कार्डावर. आयसीयूचं बिल दुसऱ्यावर. तिसरं कार्ड घरी आल्यावर एअर बेड, व्हीलचेअर, तपासण्या असं करत भरलं. आज पहिल्यावर २ लाख २० हजार, दुसऱ्यावर १ लाख ६० हजार, तिसऱ्यावर १ लाख.

महिन्याचा खर्च: दिवसाच्या मावशी १६,०००, डायपर आणि अंडरपॅड ४,५००, औषधं ५,५००, फिजिओ ४,८०० (एका वेळचे ४००), घरखर्च, लाइट, सोसायटी धरून १४,०००. रात्री मीच असते. तिन्ही कार्डांचं मिनिमम ड्यू (दरमहा भरावीच लागणारी किमान रक्कम) मिळून २४ हजारांच्या आसपास येतं. ते भरलं की औषधं आणि किराणा पुन्हा कार्डावर. गेल्या महिन्यात दुसऱ्या कार्डाची तारीख चुकली, तेव्हापासून फोन सुरू झालेत.

भाऊ बंगळुरूला आहे. "लागेल तेव्हा सांग" म्हणतो.

पर्सनल लोन घ्यावं का? की सेटलमेंट, म्हणजे बँकेशी कमी रकमेवर तडजोड? घर वन बीएचके, आईच्या नावावर आहे.

चिवडा

वाचून पोटात गोळा आला. जाणकार येईपर्यंत नुसतीच हजेरी लावतो.

बोरीबंदर

सरळ सांगतो. एक रुपयाही भरू नका. सहा महिने थांबा, बँक स्वतःहून चाळीस-पन्नास टक्क्यांत सेटलमेंट देते. माझ्या ओळखीची एक एजन्सी आहे, सगळं तेच बघतात, तुम्हाला फोनसुद्धा घ्यावा लागत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ताकातली_मिरची

आलेच व्यनिवाले.

निवृत्त_रोखपाल

ताई, सरकारी बँकेत आयुष्य गेलं, शेवटची काही वर्षं वसुली विभागात होतो. आधी तुमचेच आकडे तुमच्यासमोर मांडतो.

कार्डाचं व्याज साधारण साडेतीन ते पावणेचार टक्के असतं, तेही महिन्याला. ३.६ धरू. ४ लाख ८० हजारांवर व्याज झालं १७,२८०. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३,११०. एकूण २०,३९०. तुम्ही २४,००० भरता, त्यातून मुद्दलात जातात ३,६१०.

आता घराकडे बघा. पगार आणि पेन्शन मिळून ५५,९००. खर्च ४४,८००. शिल्लक ११,१००. त्यातून २४,००० भरायचे तर १२,९०० कमी पडतात, ते पुन्हा कार्डावर जातात. म्हणजे एवढी ओढाताण करून कर्ज दरमहा ९ हजारांवर वाढतंय.

आणि एक. मागची बाकी पूर्ण फेडलेली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज कार्डावर घेतलेल्या डायपरच्या पाकिटावर आजपासूनच व्याज लागतं. कार्डातून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर रोख काढण्याचं शुल्क. म्हणून तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधीच देतो. पर्सनल लोन घेऊन कार्डं फेडली आणि ती पाकिटात तशीच राहिली, तर वर्षभरात हप्ताही असेल आणि कार्डंही भरलेली असतील. वसुलीत बसून असली प्रकरणं इतकी पाहिलीत की फाईल न उघडता ओळखू यायची.

खालील गोष्टी कळवा: एलआयसी आहे का? पीएफ किती? कारखान्यात कामगारांची पतसंस्था आहे का? घरात सोनं? पगाराचं खातं कुठल्या बँकेत?

हक्काचा_ग्राहक

ताई, ३० टक्क्यांच्या वर व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा निकाल आहे. बिनधास्त जिल्हा ग्राहक आयोगात जा.

काळा_कोट

तो २००८ चा निकाल. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो रद्द केला. व्याजदरावर देखरेख हे रिझर्व्ह बँकेचं काम, आयोगाने त्यात पडायचं नाही, असं म्हटलं. तेव्हा त्या भरवशावर कुणी तक्रार करू नये. जुने व्हॉट्सॲप फॉरवर्ड अजून फिरतायत.

धागाकर्तीसाठी थोडं कायद्याचं. कार्डाचं देणं थकलं म्हणून पोलीस येत नाहीत, ही दिवाणी बाब आहे. मात्र वसुलीवाल्याला पुढच्या तारखांचे चेक लिहून देऊ नका. चेक वटला नाही की कलम १३८ खाली तो गुन्हा ठरतो. ऑटो-डेबिट खात्यात पैसे नसल्याने परत गेलं तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ आहे.

घर आईच्या नावावर, तिने जामीन दिलेला नाही, ते तारणही नाही. तुमच्या देण्यापायी त्या घराला आज कुणी हात लावू शकत नाही. उद्या वारसाहक्काने ते तुमच्याकडे आलं आणि देणं तेव्हाही उभं असलं, तर गोष्ट वेगळी.

गोदाकाठची

काका, तुम्ही मांडलंत ते मी दिवसभर कंपनीसाठी करते, घरासाठी कधी केलंच नाही. उत्तरं देते.

एलआयसी: एक जुनी एंडोमेंट पॉलिसी आहे, पण तिच्यावर कर्ज काढून झालंय. पीएफ: त्यातून गेल्या वर्षी आजारपणाची उचल घेतली होती. पतसंस्था: आहे, माझं आजवर कर्ज नाही. ११ टक्क्यांनी दीड लाखापर्यंत देतात, पगारातून कापतात. सोनं: माझं काही नाही. आईच्या पाटल्या आहेत. पगाराचं खातं: ज्या बँकेचं पहिलं कार्ड आहे तिथेच.

ताकातली_मिरची

पाटल्या कपाटात आणि व्याज बेचाळीस टक्के! काढा की बाहेर.

सायलीची_फुलं

मिरचीताई, आईच्या आहेत त्या. आईला विचारलं का? तिला कर्जाचं तरी माहीत आहे का?

गोदाकाठची

नाही सांगितलंय. ती आधीच "माझ्यामुळे, माझ्यामुळे" करत असते.

पाटल्या एमआरआयच्या वेळी काढाव्या लागल्या. तेव्हा उजवा हात इतका सुजला होता की सिस्टरने साबणाचा फेस लावून कशाबशा काढल्या. पुन्हा चढल्याच नाहीत. स्टीलच्या डब्यात आहेत.

रात्रपाळी

अगं, मी सरकारी इस्पितळात सिस्टर आहे. पैशाचं काका बघतील, मी खर्चाकडे बघते.

एक. आई ७० च्या वर आहे, म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड काढ. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आधार लागतं. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. राज्याची महात्मा फुले योजनाही आता सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे. पण नीट ऐक, हे दाखल झाल्यावरचं आहे आणि यादीतल्याच हॉस्पिटलात. मावशी, डायपर, घरची औषधं यात येत नाहीत. मागचं बिलही परत मिळणार नाही. पुढच्या वेळी डिपॉझिटसाठी कार्ड घासायला लागू नये, यासाठी हे. कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते आजच बघून फ्रिजवर लिहून ठेव. नाहीतर रात्री दोन वाजता रिक्षावाला नेईल तिथेच जावं लागतं.

दोन. औषधांची चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ करण्याची गोळी तिथे बहुधा मिळते आणि फरक मोठा असतो. डॉक्टरांना विचारून बदल, आणि झटक्यानंतरची कुठलीही गोळी पैशासाठी मध्येच बंद करू नकोस. हे दोनदा वाच. गोळी बंद करून परत आलेले पेशंट आम्ही बघतो.

तीन. फिजिओ महिन्यातून बारा वेळा लागतोच असं नाही. वर्ष होत आलंय. त्यांनाच सांग की आठवड्यातून एकदा या आणि मावशींना व्यायाम शिकवा. चांगला फिजिओ नाही म्हणत नाही.

चार. दिवसा मावशी असताना डायपर कशाला? दर दोन तासांनी बेडपॅन दिला तर दिवसाचे डायपर निम्मे होतात आणि पाठही चांगली राहते. मावशी कुरकुरतील. कुरकुरू देत.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये 'ब्रीदिंग स्पेस' म्हणून प्रकार आहे, ६० दिवस व्याज आणि वसुली थांबते. भारतात असं काही नाही का? वैयक्तिक दिवाळखोरी?

काळा_कोट

कागदावर आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच लागू केलाय. बाकीच्यांसाठी अजून मुंबईला १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा कायदा. पावणेपाच लाखांच्या कार्डासाठी त्या वाटेला कुणी जात नाही, जाऊही नये.

सायलीची_फुलं

मेडिकल खर्चावर आयकरात ८०डी ची सूट मिळते ना? ज्येष्ठांचा विमा नसेल तर ५० हजारांपर्यंत?

निवृत्त_रोखपाल

मिळते, जुन्या करप्रणालीत. पण यांच्या पगारावर नव्या प्रणालीत आता करच नाही. १२ लाखांपर्यंत शून्य, पगारदाराला पावणेतेरा. जो कर भरायचाच नाही त्यात सूट कसली घेणार?

आता ताई, तुमचा हिशेब. पाटल्या आईने हो म्हटलं तरच.

सोनेतारण सरकारी बँकेत करा. गल्लीतल्या फायनान्सकडे नको आणि सावकाराकडे तर नकोच. व्याज साधारण साडेनऊ टक्के, वर्षाला. २ लाख उचलले तर महिन्याचं व्याज १,५८० च्या आसपास. तेच २ लाख कार्डावर ठेवले तर जीएसटी धरून महिन्याला ८,५०० जातात. पतसंस्थेचे दीड लाख चार वर्षांच्या मुदतीने घेतले तर हप्ता ३,८८० च्या जवळ.

झाले साडेतीन लाख. त्यातून पहिलं कार्ड पूर्ण संपवा, तिसरं पूर्ण संपवा, उरलेले ३० हजार दुसऱ्यावर भरा. दुसऱ्यावर राहतात १ लाख ३० हजार. थकलेला हप्ता आधी भरा आणि त्या बँकेला लेखी सांगा की बाकीचे ३६ महिन्यांच्या ईएमआयमध्ये करून द्या. १६ टक्क्यांनी दिले तर ४,५७० चा हप्ता, वर व्याजावरच्या जीएसटीचे तीनएकशे.

तिन्ही मिळून दहा-साडेदहा हजार. तुमची शिल्लक ११,१०० आहे. अगदी काठावर आहे हे मलाही दिसतंय. पण आजचे २४ हजार बघता यात कर्ज खाली येतं, वाढत नाही. सिस्टरताईंनी सांगितलेल्या खर्चातून तीन-चार हजार सुटले तर श्वास घ्यायला जागा होईल.

दोन गोष्टी बजावून सांगतो. सोनेतारणाची मुदत बहुधा वर्षाची असते. तारीख कॅलेंडरवर लिहा, व्याज भरून नूतनीकरण करून घ्या, नाहीतर लिलावाची नोटीस येते. आणि पगाराचं खातं कार्डवाल्या बँकेतून हलवा. कार्डाच्या करारात बहुतेक वेळा खात्यातून परस्पर वळतं करून घेण्याचा हक्क बँकेने ठेवलेला असतो. आईबरोबर जोडखातं त्याच बँकेत असेल तर तेही बघा.

बोरीबंदर

काका, हे सगळं पगार असणाऱ्यांसाठी ठीक. माझं टाळेबंदीत दुकान बसलं, वडील डायलिसिसवर होते. मला कोण पतसंस्था उभी करणार होती? मी सेटलमेंट केली आणि सुटलो. उगाच तिला नावं ठेवू नका.

निवृत्त_रोखपाल

नावं ठेवत नाही. तुमच्या परिस्थितीत मीही तेच सुचवलं असतं. ज्याच्याकडे उत्पन्नच नाही त्याने मिनिमम भरत राहणं म्हणजे बँकेला फुकट देणगी. पण सेटलमेंट बँकेशी थेट होते, त्याला एजन्सी लागत नाही. पैसे भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख हवी, भरणा कार्ड खात्यातच, एजंटच्या हातात रोख नाही, आणि शेवटी ना-देय दाखला. सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालावर) 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि तो पुढची काही वर्षं प्रत्येक कर्जाला आडवा येतो. यांची नोकरी चालू आहे, आई आजारी आहे, पुन्हा कर्जाची गरज पडू शकते. म्हणून यांना नको म्हटलं.

काळा_कोट

पुढेमागे लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नये, जाऊन बसावं. फी नसते आणि व्याज-दंड बऱ्यापैकी सोडतात. मात्र तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही. झेपेल त्याच आकड्यावर सही करा.

गोदाकाठची

फोनचं काय करू? काल सकाळी सव्वासातला आला. आज त्यांनी भावाला फोन केला. माझ्या फोनमधून नंबर मिळाला की अर्जावरून, माहीत नाही. "तुमच्या बहिणीला सांगा, घरी माणूस पाठवू" म्हणाले.

निवृत्त_रोखपाल

रिझर्व्ह बँकेचा १२ ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, धमकी नाही, नातेवाइकांत बदनामी नाही. पुढचा फोन आला की नाव, एजन्सी आणि बँकेने दिलेलं अधिकारपत्र मागा. निम्मे तिथेच फोन ठेवतात. तारीख, वेळ, नंबर लिहून बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. त्यातच ईएमआयची मागणी लिहा, म्हणजे तुम्ही फेडायला तयार आहात हे नोंदीवर राहील. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार. फी नाही. माहितीसाठी १४४४८.

ताकातली_मिरची

एक बरं झालं. भावाला न सांगता कळलं.

आता "लागेल तेव्हा सांग" या वाक्याबद्दल. हे वाक्य म्हणणाऱ्याला वाटतं आपण दार उघडं ठेवलंय. लागतं रोजच, तर रोज फोन करायचा का? त्याला महिन्याचा खर्च लिहून पाठवा. मावशी १६, डायपर साडेचार, औषधं साडेपाच, फिजिओ चार हजार आठशे. बेरीज ३०,८००. रात्रपाळी तुमची, तिचे पैसे धरलेले नाहीत हेही खाली लिहा. आणि मदत मागू नका, वाटा सांगा.

हक्काचा_ग्राहक

नाही दिला तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. प्रांताकडे अर्ज करता येतो, महिना १० हजारांपर्यंत निर्वाहखर्च.

काळा_कोट

तो अर्ज आईचा असतो, बहिणीचा नाही. आणि पहिल्या हिशेबाआधीच प्रांत ऑफिस दाखवलं तर भाऊ कायमचा जाईल. कायदा मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे, हेही लक्षात असू द्या.

साठीचा_तरुण

घर आईच्या नावावर आहे तर रिव्हर्स मॉर्गेज करा. बँकच दरमहा पैसे देईल.

निवृत्त_रोखपाल

योजना २००७ पासून आहे, चालली मात्र फारशी नाही. वन बीएचकेवर महिन्याला किती मिळणार, आणि आईच्या माघारी कर्ज फेडून घर सोडवायचं कुणी? ताई त्याच घरात राहतात. सगळे मार्ग संपले तर बघू. आत्ता नाही.

गोदाकाठची

थोडी उशिराच आले, क्षमस्व. काय झालं ते लिहिते.

आईला सांगितलं. मला वाटलं होतं रडेल. तिने डावा हात पुढे केला, डबा मागितला, पाटल्या मांडीवर ठेवून बराच वेळ चाचपत बसली. मग म्हणाली, "सोडव... पण." दोन शब्दांच्या मध्ये बराच वेळ गेला, पण आवाज अगदी हुकमाचा होता. सरकारी बँकेत २ लाख मिळाले. पतसंस्थेचा अर्ज मंजूर आहे, पैसे पुढच्या आठवड्यात. पहिलं कार्ड जवळजवळ संपलं.

दुसऱ्या कार्डाची बँक ईएमआय द्यायला तयार झाली, पण १६ नाही, १८ टक्के. हप्ता सव्वाशे-दीडशेने वाढतोय. ईमेलनंतर सकाळचे फोन बंद झाले. दुपारचे चालू आहेत, पण भाषा सुधारली आहे.

भावाला हिशेब पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग वहिनीचा फोन आला, तिला हे आकडे माहीतच नव्हते म्हणे. १५ मागितले होते, ७ हजार ठरले. महिन्याच्या ५ तारखेला, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून. मला राग आहे, तो आहेच. पण ७ हजार खरे आहेत.

मावशींनी बेडपॅनवरून तीन दिवस तोंड फुगवलं. त्यांना महिन्याला ५०० वाढवून दिले. तरीही डायपरमध्ये वाचलं.

दोन प्रश्न. भावाचे ७ हजार कुठे लावू? आणि पहिलं कार्ड पूर्ण फेडल्यावर बंद करू की ठेवू? बँक म्हणते ठेवा, लिमिट वाढवून देतो.

ताकातली_मिरची

लिमिट वाढवून देतात! यांना काय म्हणावं!

निवृत्त_रोखपाल

५ हजार सोनेतारणाच्या मुद्दलात, दरमहा. सोनेतारणात अधेमधे कितीही भरता येतं, पण तुमच्या शाखेत एकदा विचारून घ्या. २ हजार बाजूला, आईच्या अचानकच्या खर्चासाठी. ते नसले की कार्ड पुन्हा बाहेर येतं.

पहिलं आणि तिसरं बंद करा. सिबिलचा गुण थोडा खाली जाईल, जाऊ दे. बाकी पूर्ण शून्य झाल्यावर बंद करण्याची विनंती ईमेलने करा, फोनवर नको. फोनवर ते 'रिटेन्शन'ला, म्हणजे ग्राहकाला थोपवणाऱ्या विभागाला, जोडून देतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे. ईमेलात हे वाक्य घाला. विम्याचा किंवा ओटीटीचा हप्ता त्या कार्डावर लागलेला असेल तर तो आधी हलवा.

रात्रपाळी

आणि एअर बेडची मोटर बिघडली तर नवी घेऊ नकोस. रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन देणाऱ्या संस्था नाशकात आहेत. व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, सगळं मिळतं. वय वंदना कार्ड काढलंस का? त्याचं काहीच लिहिलं नाहीस.

गोदाकाठची

राहिलंय. आईचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर बाबांचा होता, तो बंद आहे. ओटीपी येत नाही.

रात्रपाळी

मग आधी आधार. अंथरुणावरच्या माणसासाठी घरी येऊन नंबर बदलून देण्याची सोय असते, जवळच्या आधार केंद्रात किंवा १९४७ ला विचार. सोमवारीच.